साठ टक्के लोक पुन्हा आले

"गेल्या वर्षी आपले संग्रहालय पाहण्यास आलेल्यांपैकी किती टक्के लोक पुन्हा आले? मंगळवारपर्यंत कळवावे."

पत्रात एवढंच होतं. संग्रहालयाचं काम बघणाऱ्या रमाकांतांनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि मग डब्याचं झाकण लावून टाकलं. अर्धी पोळी उरली होती, पण टक्के हा शब्द दिसला की त्यांची भूक मरायची. त्यांचे आजोबा बडोदे सरकारात संस्कृतचे पंडित होते, वडिलांनी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, काका कीर्तनं करत. घराण्यात गणित सोडून सगळं होतं.

पत्र नयनाबेनचं होतं. नयना ही संग्रहालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष उदयसिंहराव यांची पुतणी. मराठी घरातली, पण ऑफिसात सगळ्यांना सवयीने भाई नाहीतर बेन म्हणायची पद्धत, म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षीच तिची नयनाबेन झाली होती. अहमदाबादला मॅनेजमेंट शिकून ती ट्रस्टवर आली, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीची टक्केवारी मागत होती. मागच्या महिन्यात तिने पंख्यांची मागितली. पंखे चार, त्यातले तीन चालायचे. रमाकांतांनी 'पंचाहत्तर टक्के' असं कळवलं आणि तो आकडा बरोबर निघाल्याचा आनंद त्यांना आठवडाभर पुरला.

पण हे प्रकरण पंख्यांइतकं सोपं नव्हतं, आणि त्यामागे काय आहे हेही त्यांना ठाऊक होतं. साल अठ्ठ्याण्णव. बडोद्यात प्रत्येक गल्लीत कॉम्प्युटर क्लास निघत होता, आणि अशाच एका क्लासवाल्याने संग्रहालयाची जागा मागितली होती. मंडळाची बैठक बुधवारी. जुनी भांडी, जुने पोशाख, चार तलवारी आणि भिंतीवरचा एक जुना भरतकामाचा पडदा बघायला कोणी येतं का, आणि आलेला पुन्हा येतो का, ह्यावर रमाकांतांची एकवीस वर्षांची नोकरी आणि संग्रहालय दोन्ही लटकलं होतं.

"जयवंतराव, वही आणा," त्यांनी दारातल्या रखवालदाराला हाक मारली.

जयवंतरावांची वही हा एक वेगळाच प्रकार होता. संग्रहालयात तिकीट नव्हतं, सह्या घेत नसत. फार वर्षांपूर्वी कोणा ट्रस्टीने जयवंतरावांना सांगून ठेवलं होतं की नवा माणूस आला की वहीत उभी रेघ ओढायची, आणि आधी येऊन गेलेला आला की गोल काढायचा. एक जानेवारीला नवी वही, त्या दिवशी सगळे पुन्हा नवे. जयवंतरावांचे पणजोबा राजवाड्याच्या देवडीवर पहाऱ्याला होते, आजोबाही तिथेच. चेहरा एकदा पाहिला की विसरायचा नाही, ही त्या घरातली रीत. बासष्टाव्या वर्षीही जयवंतराव तुम्हाला सांगायचे, "हे जोशी, मागे आले तेव्हा मिशी होती."

रमाकांतांनी दुपारभर बसून मोजलं. रेघा दोनशे. गोल तीनशे. एकूण पाचशे खुणा. आकडे इतके सरळ निघाले की त्यांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढेच.

आता टक्के. आलेल्यांपैकी किती पुन्हा आले? नवी माणसं दोनशे आली. पुन्हा आल्याचे गोल तीनशे. तीनशे भागिले दोनशे, गुणिले शंभर. त्यांनी कागदावर उत्तर काढलं आणि पेन खाली ठेवलं.

दीडशे टक्के.

संध्याकाळी समा भागातल्या आपल्या घरी येऊन त्यांनी तो कागद बायकोपुढे धरला. अहल्याबाई भाजी फोडणीला टाकत होत्या.

"दीडशे टक्के म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे शंभर लोक आले तर त्यातले दीडशे पुन्हा आले."

अहल्याबाईंनी झारा थांबवला. "अहो, शंभरातले दीडशे कसे येतील? वरचे पन्नास कोण?"

"तेच तर कळत नाही."

"कोणी भुतंबितं येतात का तिथे? जुने पोशाख आहेत म्हणून विचारते."

"तू चेष्टा करू नकोस. मंगळवारी कळवायचंय."

अहल्याबाईंनी गॅस बारीक केला आणि कागद हातात घेतला. "एकूण खुणा किती? पाचशे. त्यातले गोल किती? तीनशे. पाचशेतले तीनशे म्हणजे साठ टक्के. लिहा साठ, आणि हात धुऊन जेवायला बसा."

साठ हा आकडा रमाकांतांना एकदम माणसात आल्यासारखा वाटला. शंभराच्या आत होता, पूर्णांक होता, आणि मुख्य म्हणजे चांगला होता. सोमवारी संग्रहालय बंद, म्हणून त्यांनी मंगळवारी सकाळी पोचल्या पोचल्या सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं: 'साठ टक्के लोक पुन्हा आले.'

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला.

"रमाकांतभाई, साठ टक्के? तुम्ही मला आजवर सांगितलं का नाही?" नयनाबेनचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. "जिथे तिकीट लावतात तिथे दहा टक्के पुन्हा आले तरी पार्टी देतात! काकांनी बैठकीत तीनदा आकडा वाचून दाखवला. कॉम्प्युटर क्लासवाल्याला नाही म्हणून सांगून टाकलं."

रमाकांतांचे डोळे भरून आले. एका भागाकाराने संग्रहालय वाचलं होतं. आपल्या घराण्यात गणित आलं ते असं उशिरा, पण आलं, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारच्या गुजराती पेपरात चौथ्या पानावर बातमी आली. शंभरातले साठ लोक जिथे पुन्हा पुन्हा जातात असं आपल्या शहरातलं संग्रहालय. अहल्याबाईंनी ती कापून देवघराशेजारी लावली. आणि त्याच दिवशी उदयसिंहरावांचा निरोप आला. बैठकीत ठरलं होतं: पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी दहा वाजता, सत्कार समारंभ. संग्रहालयावर प्रेम करणाऱ्या त्या तीनशे रसिकांचा सत्कार. प्रत्येकाला नारळ. अंगणात तीनशे खुर्च्या. आमंत्रणं रमाकांतांनी पाठवावीत.

रमाकांत वही घेऊन दारात गेले. जयवंतराव स्टुलावर बसून चणे खात होते.

"जयवंतराव, तुम्हाला तर सगळे चेहरे आठवतात. पुन्हा आलेल्या लोकांची नावं-पत्ते काढायचेत."

"काढू की. किती लागतील?"

"सगळे. तीनशे."

जयवंतरावांचा चण्याचा हात तोंडाशीच थांबला. "तीनशे कुठले, साहेब? तीन."

"तीनशे गोल आहेत वहीत!"

"गोल तीनशे आहेत. माणसं तीन आहेत."

रमाकांत शेजारच्या पायरीवर बसले.

"हे बघा," जयवंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "एक जोडपं. मुलगा आणि मुलगी. पहिल्यांदा आले तेव्हा दोन रेघा. मग चार वेळा आले, पोशाखांच्या कपाटामागे बाकावर बसायचे. चार-चार आठ गोल त्यांचे. बाकीचे दोनशे ब्याण्णव त्या बाईंचे."

"कुठल्या बाई?"

"कमलाबाई. रोज येतात. तुम्ही आत फाइलींत असता, तुम्हाला कसं दिसणार?"

"म्हणजे साठ टक्के चूक?"

"आता टक्के मला काय ठाऊक! पण बघा. समजा समोर चहावाल्याकडे आपण दोघं गेलो. तुम्ही दिवसात एकदाच गेलात. मी चारदा गेलो. चहा झाले किती?"

"पाच."

"नव्या माणसाचे किती? तुमचा एक, माझा पहिला एक. दोन रेघा. माझे नंतरचे तीन गोल. पाचातले तीन."

रमाकांतांनी हिशेब केला. पाचातले तीन म्हणजे साठ टक्के. "अगदी साठ!" ते म्हणाले.

"पण परत जाणारी माणसं किती?"

"एक. तुम्ही."

"दोघांतला एक. आणि तुम्ही काढलेत तसे दोन रेघांवर तीन गोल धरले तर?"

"दीडशे टक्के," रमाकांत पुटपुटले. तेच साठ, तेच दीडशे, आणि वर पन्नास. चहावाल्याच्या पाच ग्लासांतून तीन आकडे निघाले होते, तिन्ही खरे होते आणि तिन्ही एकमेकांशी भांडत होते. साठ टक्के चहांची गोष्ट सांगत होता, पन्नास टक्के माणसांची. नयनाबेनने माणसं विचारली होती. आपण चहा कळवले होते.

चौपन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच रमाकांतांना गणिताची भीती न वाटता एक प्रकारचा आदर वाटला. एवढासा प्रश्न, आणि आत केवढं भुयार! मग त्यांनी खऱ्या आकड्यांकडे मान वळवली. माणसं दोनशे. पुन्हा आलेली तीन. दोनशेत तीन, म्हणजे शंभरात...

"दीड," ते म्हणाले. "जयवंतराव, दीड टक्का! पेपरात साठ छापून आलंय."

"मग त्या जोडप्याला तरी बोलवायचं का? म्हणजे तीन होतील."

"बोलवा ना! बोलवलंच पाहिजे!"

"येणार नाहीत, साहेब. लग्न झालं त्यांचं. आता कपाटामागे कशाला येतील?"

कबुली द्यायला रमाकांत शनिवारी नयनाबेनकडे सुभानपुऱ्याला गेले. चहाचे पाच ग्लास, रेघा, गोल, सगळं त्यांनी सांगितलं. ती ऐकत होती तसतसा तिच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरत गेला, आणि मग तिने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"व्हिजिट्स आणि व्हिजिटर्स," ती म्हणाली. "रमाकांतभाई, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी परीक्षेत बरोबर सोडवलंय! आणि खरं आलं तेव्हा मला दिसलंच नाही."

"मी साहेबांना सांगतो. माझी चूक आहे."

"काका पेपरातली बातमी फ्रेम करून घेतायत. तीनशे नारळ आजच गोडाऊनमध्ये येऊन पडलेत." तिने कपाळावरचे हात काढले. "सांगायचं तर आहेच. पण आधी त्या बाई कोण, रोज का येतात, ते तरी बघा. काकांनी विचारलं तर काहीतरी सांगता आलं पाहिजे. मला वाटतं पंख्याखाली बसायला येत असतील."

जयवंतरावांचंही तेच मत होतं. त्यांच्या अंदाजाने बाई पडद्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात, तिथला पंखा चांगला आहे, अर्धा तास बसतात आणि गावाबाहेरच्या छाणीच्या बसने परत जातात.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी रमाकांत आणि जयवंतराव त्याच बसने छाणीला गेले. विचारत विचारत घर सापडलं. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, दोरीवर फॉल लावायच्या साड्या. कमलाबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. जयवंतरावांना दारात बघून त्या आधी घाबरल्या.

"माझं काही चुकलं का? मी हात नाही लावला कधी काचेला."

"नाही हो, बाई. साहेब भेटायला आलेत," जयवंतराव म्हणाले.

"बसा ना, बसा. पाणी आणते." त्यांनी खुर्चीवरच्या साड्या उचलल्या.

रमाकांतांनी घसा साफ केला. "कमलाबाई, तुम्ही गेल्या वर्षी दोनशे त्र्याण्णव वेळा आमच्याकडे आलात."

"एवढ्या?" त्यांनी जीभ चावली. "बंद करू का यायचं? आता तसं झालंच आहे माझं. ह्या वर्षी नुसती मेळ घालायला येते."

"काय झालं?"

कमलाबाई आत गेल्या आणि एक पांढऱ्या धोतराचं गाठोडं घेऊन आल्या. खाटेवरची चादर झटकली, गाठोडं सोडलं आणि आतलं कापड हळूहळू उलगडत नेलं. साडेचार फूट उंच, चार फूट रुंद. खाट भरून गेली.

तो संग्रहालयातला पडदा होता.

म्हणजे तो नव्हता, तो भिंतीवर काचेमागेच होता. पण तीच बाग, तीच आंब्याची झाडं, फांद्यांवर तेच पोपट, मधल्या कारंज्याशी सोंड वर केलेला तोच हत्ती. तोच चहासारखा तपकिरी रंग, तीच राखेसारखी पानं. साखळीटाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय दोरा आहे हे कळू नये. रमाकांत वाकले, आणखी वाकले आणि शेवटी खाटेपाशी गुडघ्यांवर बसले.

"चित्र काढायची मनाई आहे ना तिथे," कमलाबाई म्हणाल्या. "पाटी आहे. म्हणून मग रोज चार बोटांचा एक चौकोन डोळ्यांत घ्यायचा, बसमध्ये डोळे मिटून बसायचं, घरी आल्यावर आधी तो भरायचा आणि मगच कोणाशी बोलायचं. असे अठरा उभे, सोळा आडवे."

रमाकांतांनी मनात गुणाकार केला. तो त्यांचा त्यांनाच जमला. "दोनशे अठ्ठ्याऐंशी. मग वरचे पाच दिवस?"

"पहिले चार दिवस नुसती बघत बसले. हिंमतच होईना. आणि एक दिवस लाइट गेले होते, काही दिसलं नाही."

जयवंतराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. चेहरे लक्षात ठेवणारा तो माणूस एका कोपऱ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "पण साहेब, हा कोपरा आपल्याकडे नाही. तिथे कसरीने खाल्लंय. भोक आहे."

"हो," कमलाबाई म्हणाल्या. "तिथे मोर असणार. डाव्या कोपऱ्यात लांडोर आहे ना, ती मान वळवून कोणाकडे तरी बघतेय. नुसती कशाला बघेल? म्हणून मी तिच्यासारख्याच टाक्याने मोर भरला."

एकवीस वर्षं तो पडदा त्यांच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडे होता. नोंदवहीत त्यांनी त्याची लांबी, रुंदी आणि 'स्थिती: जीर्ण' एवढंच लिहिलं होतं. लांडोर कोणाकडे बघते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते उठले आणि काय करावं न सुचून त्यांनी कमलाबाईंना वाकून नमस्कार केला. बाईंनी झटकन पाय मागे घेतले.

"अरे बाप रे! हे काय करता, साहेब?"

रविवारी सकाळी अंगणात तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत चार ट्रस्टी, पेपरचा फोटोग्राफर आणि जरीकाठी साडी नेसून अहल्याबाई. तिसऱ्या रांगेत टोकाला मांडीवर गाठोडं घेऊन कमलाबाई. बाकीच्या दोनशे त्र्याण्णव खुर्च्या ऊन खात होत्या. टेबलावर नारळांचा डोंगर होता.

उदयसिंहराव गाडीतून उतरले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंच, आवाज भारदस्त. त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"रमाकांत, मंडळी कुठे आहेत?"

"आली आहेत, साहेब."

"कुठे?"

"त्या." रमाकांतांनी तिसऱ्या रांगेकडे हात केला.

"एकट्या?"

"एकट्याच दोनशे ब्याण्णव आहेत, साहेब. उरलेल्या आठांचं लग्न झालं."

उदयसिंहरावांनी काठी जमिनीवर टेकली. ते काही बोलणार एवढ्यात नयना पुढे आली. "काका, साठ टक्के भेटी पुन्हा झाल्या. माणसं फक्त दीड टक्का. रमाकांतभाईंनी खोटं लिहिलं नव्हतं. आकड्याबरोबर कशातले साठ ते लिहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. बैठकीत तुम्हाला चुकीचं सांगितलं ते मी."

"म्हणजे मी पेपरात..."

"हो."

अहल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. जयवंतराव कमलाबाईंजवळ गेले आणि म्हणाले, "बाई, सोडा ते."

त्यांनी आणि कमलाबाईंनी दोन टोकं धरून कापड उलगडलं. उदयसिंहराव काठी टेकत आले. चष्मा काढला, पुसला, लावला. मग ते आत संग्रहालयात गेले, मूळ पडद्यासमोर उभे राहिले, परत बाहेर आले, पुन्हा आत गेले. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा त्यांनी काठी नयनाच्या हातात दिली होती.

"हा पडदा माझ्या आजीच्या माहेरचा," ते म्हणाले. आवाजातला भारदस्तपणा गेला होता. "त्या कोपऱ्यात काय होतं, मला आठवत नव्हतं. लहानपणी पाहिलेला. बाई, मोर होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"लांडोरीने," कमलाबाई म्हणाल्या.

कापड आत नेऊन पडद्याच्या शेजारी धरलं. मागोमाग सगळे ट्रस्टी, फोटोग्राफर, खुर्च्या मांडणारे मंडपवाले, सगळे आत शिरले आणि एकेक चौकोन ताडून बघू लागले. एकही टाका कमी सापडेना. ट्रस्टींपैकी एकाने तर श्वास रोखून धरला होता आणि दर चार बोटांनी सोडत होता.

"आता माझं झालं," कमलाबाई म्हणाल्या. "उद्यापासून तुम्हाला त्रास नाही."

नयनाने चटकन वर पाहिलं. दीड टक्क्यातला अर्धा टक्काही आता जाणार होता, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होता.

"एकच गोष्ट बघायची होती," कमलाबाई जरा संकोचून पुढे म्हणाल्या. "पण सांगायची हिंमत झाली नाही. मागची बाजू. भरतकाम मागून बघितलं की कुठे दोरा सुरू केला, कुठे संपवला, ते कळतं."

रमाकांतांनी उदयसिंहरावांकडे पाहिलं. चौकट भिंतीवरून कधी कोणी उतरवलीच नव्हती. उदयसिंहरावांनी मान हलवली. मंडपवाल्यांतले चौघं आणि जयवंतराव यांनी मिळून ती जड चौकट उचलली, हळूच टेबलावर पालथी ठेवली, आणि रमाकांतांनी मागचा पुठ्ठा जपून बाजूला काढला.

आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच आवाज निघाला.

मागच्या बाजूला ऊन कधी पोचलंच नव्हतं. हत्ती तपकिरी नव्हता, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता. आंब्याची पानं राखेची नव्हती, पोपटीच्या चार छटा होत्या आणि त्यात मध्येच कोवळी तांबूस पालवी. कारंज्याचं पाणी निळं, पोपटांच्या चोची शेंदरी, आणि सगळ्या बागेवर हळदीसारखा एक उजेड, जसं कोणी आत्ताच दोरा तोडून उठलंय. इतकी वर्षं भिंतीला तोंड करून हे सगळं असंच जागं होतं. फोटोग्राफर कॅमेरा विसरला. उदयसिंहरावांनी टेबलाची कड घट्ट धरली.

कमलाबाई एकदा त्या रंगांकडे आणि एकदा स्वतःच्या कापडाकडे बघत होत्या.

"अग बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "माझे सगळेच रंग चुकले! दुकानदार म्हणायचा, 'बेन, आवा झांखा रंग केम?' असे फिके रंग कशाला म्हणून! आणि मी त्यालाच वेड्यात काढायची."

रमाकांतांना वाटलं की बाई आता रडणार. ते काहीतरी धीराचं बोलायला पुढे झाले. पण कमलाबाईंचे डोळे लकाकत होते. त्यांनी वाकून पहिल्या चौकोनापाशी चार बोटं हवेतच धरली, कापडाला हात न लावता.

"म्हणजे परत पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "जयवंतराव, उद्या सोमवार. तुमचं बंद ना?"

जयवंतरावांनी रमाकांतांकडे पाहिलं, रमाकांतांनी नयनाकडे आणि नयनाने काकांकडे. उदयसिंहरावांनी त्या लाल हत्तीवरची नजर हलवली नाही.

"उद्यापासून सोमवारीपण उघडं," ते म्हणाले. "मलाही यायचंय."